फोडणीचा भात आणि कच्चा खिमा

फ्राऊ केसलर यांनी सगळ्यांसमोर कच्चा खिमा पावावर फासला, वर बारीक कांदा पेरला आणि मोठा घास घेतला.

डुकराचा खिमा. न शिजवलेला, गुलाबी. मी मागच्या रांगेत माझा डबा हातात धरून बसले होते. ही बाई आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटची हेड आहे. कुणी हात न धुता किचनमध्ये शिरलं तर त्या कॉरिडॉरच्या टोकावरून ओरडतात. आणि आज हायजीनच्या ट्रेनिंगमध्ये त्या कच्चं मांस खात होत्या.

"हे माझं," तोंड पुसत त्या म्हणाल्या. "संध्याकाळी घरी पोचले की उभं राहायची ताकद नसते. मग काही तापवायचं नाही, भांडं घासायचं नाही. मेटब्र्योट्शन. चला, पुढचं कोण?"

मेट म्हणजे हाच खिमा, मीठ-मिरी घातलेला. ब्र्योट्शन म्हणजे छोटा पाव. निम्मा जर्मनी हे आवडीनं खातो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी जतची, शाकाहारी घरातली. मी नजर माझ्या डब्याकडे वळवली.

आमची कंपनी लुडविग्सहाफेनच्या बाहेर आहे. मोठ्या किचनमध्ये जेवण शिजतं आणि आसपासच्या कारखान्यांच्या कँटीनला जातं. त्या जेवणानं कुणी आजारी पडू नये, हे पाहायचं माझं काम. दरवर्षी सगळ्या स्टाफला हायजीनचं ट्रेनिंग द्यावं लागतं. स्लाइड्स पाहून लोक झोपतात, म्हणून या वर्षी फ्राऊ केसलर यांनी वेगळं ठरवलं. स्वयंपाक करायचं त्राण नसतं तेव्हा घरी जे खाता, ते प्रत्येकानं आणायचं. आमच्या छोट्या लॅबमध्ये त्याची तपासणी करायची.

ही तपासणी साधी असते. अन्नाचा नमुना पाण्यात घुसळायचा, त्यातलं थोडं पाणी जेलीसारख्या थरावर पसरायचं आणि ती थाळी उबदार कपाटात ठेवायची. जिथं जिवंत जंतू पडला असेल, तिथं दुसऱ्या दिवशी ठिपका दिसतो. या थाळीला आम्ही प्लेट म्हणतो.

आमचा मुख्य शेफ उवं यानं फ्रोझन पिझ्झा आणला होता. "ओव्हन काम करतो, मी सोफ्यावर पडतो," तो म्हणाला. लोक हसले. मग माझी पाळी आली. मी डबा उघडला. फोडणीचा भात. मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद. सगळा हॉल घमघमला.

"नव्या बॉक्समधला भात हाच तो?" उवंनं विचारलं.

"हाच तो," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात आमचा नवा बॉक्स सुरू होणार होता. फायरआबेंड म्हणजे कामाचा दिवस संपल्यानंतरची वेळ. पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारांनी कँटीनमधून उचलायचा, घरी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा आणि खायचा, असा तो फायरआबेंड बॉक्स. त्यात काय द्यावं, असं मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा मी धीर करून हात वर केला होता. माझी आई शाळेत खिचडी शिजवायची. दिवसभर इतरांच्या पोरांसाठी मोठं पातेलं ढवळून आल्यावर घरी पुन्हा चूल पेटवायचा तिला कंटाळा यायचा. सकाळचा भात ताटलीखाली झाकलेला असायचा. फोडणी दिली की जेवण तयार. मी त्या भातावर वाढले, शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. म्हणून तो भात बॉक्समध्ये जाणार, याचा मला फार आनंद होता.

भाताची पद्धतही मीच लिहून दिली होती आणि फ्राऊ केसलर यांनी सही करून ती मंजूर केली होती. आदल्या दिवशी शिजवायचा आणि मोठ्या ट्रेमध्ये हळूहळू निवू द्यायचा. फोडणीचा भात मोकळा लागतो. गरम भात परतला की गोळा होतो. हे कुठल्याही मराठी घरात माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. आधी फ्राऊ केसलर यांची प्लेट काढली. मनात मी त्यांना काय बोलायचं, तेही ठरवलं होतं. प्लेटवर ठिपके होते, पण मोजता येतील इतके. मर्यादेच्या आत.

मला वाटलं, लेबल चुकलं. पुन्हा वाचलं. बरोबर होतं.

मग मी माझी प्लेट काढली.

ठिपके नव्हतेच. सगळी प्लेट एकसंध माखली होती. कडेला जिथं जरा विरळ होतं, तिथं गुलाबी डाग आणि प्रत्येकाभोवती पांढरट कडं. हे कडं मी ओळखते. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकताना यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. बॅसिलस सिरिअस. तांदळात मुळातच असतो. शिजवल्यावर त्याची बीजं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात, वाढतात आणि कधी कधी विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फोडणीनंही नाही.

पाचपैकी पाच मार्क मिळाले होते मला. त्याच दिवशी होस्टेलवर येऊन मी फोडणीचा भात खाल्ला असणार. पुस्तकातला भात आणि आईच्या पातेल्यातला भात एकच आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डब्यातला भात मी ट्रेनिंगच्या आदल्या रात्री जेवून तसाच शेगडीवर झाकून ठेवला होता. दमले होते. सकाळी फोडणी दिली.

मी खुर्चीवर बसले. मग घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठले. उद्या पहिले बॉक्स जाणार होते. म्हणजे किचनमध्ये आज भात शिजत होता. माझ्या पद्धतीनं.

माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीचा परीक्षेचा काळ, अजून संपला नव्हता. त्या काळात कंपनी फारशी कारणं न देता नारळ देऊ शकते. नोकरी गेली तर माझा इथला व्हिसाही धोक्यात. हे सगळं जिना उतरताना डोक्यात होतं. पण रात्रपाळी करून घरी गेलेला, बॉक्स खाऊन ओकणारा माणूसही डोळ्यांसमोर होता.

उवं ट्रे रचत होता. भाताची वाफ निघत होती.

"उवं, भात थांबव."

"का? मीठ कमी आहे?"

"तपासायचाय. गेल्या आठवड्यात ट्रायलला ट्रेमध्ये भात निववला होता ना? त्यात ठेवलेल्या थर्मामीटरची नोंद दाखव."

त्यानं कॉम्प्युटरवर आलेख उघडला. भाताचा वरचा थर भराभर निवला होता. ढिगाच्या मधोमध मात्र भात अर्धी रात्र कोमट होता.

"शाइसं!" उवं म्हणाला. ही शिवी आहे. मी त्याला आधी कधी इतक्या हळू आवाजात शिवी देताना ऐकलं नव्हतं. "फ्राऊ केसलर तुला सोडणार नाहीत. बॉक्सवर लेबलंसुद्धा लागलीत."

मी दोन्ही प्लेट आणि आलेखाचा प्रिंट घेऊन फ्राऊ केसलर यांच्या केबिनमध्ये गेले.

"फ्राऊ केसलर, उद्याचा बॉक्स थांबवायला हवा."

"कुणाची चूक?"

"पद्धत माझी होती. सही तुमची आहे."

हे दुसरं वाक्य तोंडातून कसं गेलं, मला कळलं नाही. त्यांनी चष्मा लावला. आधी माझी प्लेट पाहिली, मग आलेख. मग प्लेट पुन्हा हातात घेतली.

"हा भात तुम्ही किती वर्षं खाताय?"

"लहानपणापासून."

"आणि जिवंत आहात?"

"तुम्ही कच्चं डुक्कर खाता," मी म्हणाले, "आणि तुम्हीही आहात."

त्या हसल्या. मला धक्काच बसला; त्यांना हसता येतं हे ऑफिसात कुणालाच माहीत नसावं.

"फ्राऊ गायकवाड, खाटीक तो खिमा सकाळी करतो, बर्फासारख्या थंड ठिकाणी ठेवतो आणि त्याच दिवशी विकतो. मी तो तासाभरात खाते. मला त्याची भीती वाटते, म्हणून मी जपते. तुम्हाला भाताची भीती वाटत नाही."

"गेनाऊ," मी म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर. दुसरं काय म्हणणार?

तो सगळा भात फेकला. माझ्या आईनं पाहिलं असतं तर आठवडाभर जेवली नसती. पहिल्या दिवशी बॉक्समध्ये पाव, चीज आणि काकडीचं लोणचं गेलं. जर्मन लोक संध्याकाळी असंच थंड खातात, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. पुढचे काही दिवस उवं आणि मी भाताशी झगडलो. शेवटी भात पातळ थरात पसरून थंड हवेचा झोत मारणाऱ्या मशीनमध्ये लगेच ढकलला. त्या कोरड्या हवेत तो इतका मोकळा झाला की आमच्या जतमध्ये कुणाचा होणार नाही. प्लेट स्वच्छ आली. बॉक्स सुरू झाला. माझी नोकरी पक्की झाल्याचा कागद आला. त्या कागदावर फ्राऊ केसलर यांनी एवढंच लिहिलं, 'स्वतःचा बॉक्स स्वतः थांबवला.'

मी आईला फोनवर सांगितलं, "रात्रीचा भात बाहेर ठेवत जाऊ नकोस गं."

"काय होतं त्याला?"

"विष होतं."

"त्याच विषावर तू इंजिनिअर झालीस," आई म्हणाली. "आणि मी कुठं ठेवणार होते? फ्रिज तुझ्या पहिल्या पगारातून आला."

खरंच, आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता. आम्ही वाचलो, ते बहुतेक भात थोडा असायचा आणि आम्ही पोरं तो उरू द्यायचो नाही म्हणून.

मेटब्र्योट्शन मी अजून खाल्लेलं नाही. फोडणीचा भात मात्र दर आठवड्याला होतो, कारण दमून येणं काही थांबलेलं नाही. दमलेल्या माणसाला सोपं जेवण सापडतं. त्याच्यानं होत नाही ते जेवल्यानंतर उठून उरलेलं आवरणं. म्हणून आता मी उरणारा भात आधी पसरट डब्यात काढते, वाफ गेली की डबा फ्रिजमध्ये ठेवते आणि तोवर जेवायला बसत नाही. भूक लागलेली असते, त्यामुळे विसरत नाही.