दुसरी बाही

आमचे हे पाळक आहेत आणि येत्या रविवारी बिशप होणार आहेत. म्हणजे एक चर्च सोडून अख्ख्या प्रांतातली चर्चेस सांभाळणार. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो एवढा पसारा कसा सांभाळणार, हे कुणीच विचारत नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "तू आहेस ना!" लोक अभिनंदनाला येतात, सामान भरलेल्या खोक्यांना अडखळतात, चहा पिऊन जातात. कपबशा मात्र मी अजून बांधू शकलेले नाही.

ह्यांचं नाव आहे ते मयतीच्या उपदेशासाठी. कुणी गेलं की हे त्या घरी जाऊन बसतात आणि हळूच विचारतात, "त्यांचा एखादा दोष सांगा बरं." घरचे आधी कानांवर हात ठेवतात. मग एकदा सुरू झाले की आवरत नाहीत. त्यातला एक निवडून हे भर चर्चमध्ये सांगतात, पण इतक्या मायेनं की रडणारी माणसं हसायला लागतात. ह्यांचं म्हणणं असं, "मेल्यावर आपण प्रत्येकाला साखरेत घोळतो. मग वर देव म्हणतो, हा कोण आलाय? ह्याला तर मी ओळखतच नाही!"

असा उपदेश आपल्याही वाट्याला यावा, अशी शिवणवाल्या मावशींची फार इच्छा. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत, पण गावातलं प्रत्येक माप त्यांना तोंडपाठ. ह्यांचा पाळकाचा पहिला झगा त्यांनीच शिवला. "मला मातीआड तूच करायचंस," असा शब्दही तेव्हाच घेऊन ठेवला. बिशपचा झगासुद्धा त्यांनी हौसेनं शिवायला घेतला. एक बाही लावून झाली, आणि बिशपला दुसऱ्या शहरात राहावं लागतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं. मशीन तिथंच थांबलं. हे भेटायला गेले तर दार उघडलं नाही.

ह्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. "त्या अशा रागावलेल्या असताना मी गाव सोडून नाही जाऊ शकत," म्हणाले. हे थट्टेत बोलत नव्हते, हे मला कळत होतं. शुक्रवारी सकाळी मीच ह्यांना बखोटीला धरून मावशींकडे नेलं आणि दार वाजवलं.

माझा आवाज ऐकून दार उघडलं. खिडकीशी मशीन, टेबलावर इस्त्री आणि खडू, कोपऱ्यातल्या पुतळ्यावर तो झगा, एका बाहीचा. मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"आलास? तू तर चाललास. मग माझा उपदेश आत्ताच करून टाक. मनासारखा झाला तर बाही लावीन."

"मावशी, तुम्ही चांगल्या धडधाकट आहात!"

"म्हणूनच. नंतर मला ऐकू कसा येईल?"

हे टेबलाजवळ उभे राहिले, घसा खाकरला. "आपली ही प्रिय बहीण..."

"मोठ्यानं बोल. मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही."

मागच्या बाकावर मी एकटीच होते. ह्यांनी आवाज चढवला. मावशींनी शिवलेले लग्नाचे पोशाख सांगितले, बाळांचे बाप्तिस्म्याचे झगे सांगितले, चर्चचे पडदे सांगितले.

"पडदे वगळ. पडदे कुणीही शिवतं. दोषाचं बोल."

ह्यांनी टेबलावरचा खडू उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "आपल्या बहिणीला कुणाला निरोप देणं कधी जमलं नाही. पाहुणा उठला, चपला घालायला लागला, की त्या एखादं भांडण उकरून काढायच्या. का, तर तो उत्तर द्यायला परत बसावा म्हणून. ह्या घरात एकटं राहणं त्यांना जड जायचं, आणि ते सांगायला त्या लाजायच्या. मी त्यांच्याकडून कधीच वेळेवर निघालो नाही. प्रत्येक भांडण मला गोड लागलं."

मावशी हातातल्या टाचण्यांकडे बघत बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पदरानं नाही, झग्याच्या सुट्या बाहीनंच पुसलं.

"कुणी सांगितलं रे तुला हे?"

"कुणी नाही. ह्या वेळी मी कुणालाच विचारलं नाही."

"बरा झालाय," त्या म्हणाल्या. "हाच माझा उपदेश धर. नवा पाळक येईल तो नुसती साखर पेरेल, पण मी काय, ऐकायला नसणार."

मग त्या मशीनवर बसल्या. दुसरी बाही लावून झाली. झगा इस्त्री करून, घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिला, माझ्या गालावरून हात फिरवला. मला हुंदका आवरेना. हे दाराशी वाकून बूट घालत होते. एक पायात गेला होता.

"थांब," मावशी म्हणाल्या. "ती डावी बाही आखूड झालीय. तू उभाच वाकडा राहतोस, पहिल्यापासून. माझ्या मापात चूक नाही."

बाही काही आखूड नव्हती.

"मी वाकडा उभा राहतो?" हे म्हणाले. त्यांनी तो बूट काढला आणि परत येऊन बसले.