आईच्या पुस्तकात नसलेल्या बिड्या

तंबाखूचा वास आला की सक्करदऱ्याच्या घरातली ती दुपार आठवते. आठवणींची पुस्तकं करून देणाऱ्या बाईंना आईने महिनाभर आपलं आयुष्य सांगितलं होतं. बिड्या वळून आम्हां दोघां भावंडांना कसं शिकवलं, ते तर तासन्‌तास. त्या दुपारी गुळगुळीत पुस्तक छापून आलं, तेव्हा तिने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि दादाला विचारलं, "माह्या बिड्या कुठी गेल्या गा?" दादा म्हणाला, "मीच काढायले लावलं ते. पोरीचं लग्न जमवून राहिलो, पाहुणे वाचतीन ना." "मंग हे पुस्तक कोनाचं हाय?" एवढंच म्हणून आईने ते त्याच्या मांडीवर ठेवलं. पुढे आई वारल्यावर दादाने त्याच पुस्तकाच्या प्रती नातेवाइकांना वाटल्या. मी अजून त्याच्याशी मोकळेपणी बोलू शकत नाही.