सहा महिन्यांची तारीख

“तुमचं रक्त घेता येणार नाही,” रक्तपेढीतले डॉक्टर माझ्या भावाला म्हणाले. रमाकांत तेव्हा चाळिशी ओलांडलेला, वेंगुर्ल्याच्या बंदरावर स्वतःची होडी असलेला माणूस. शेजाऱ्याच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला तो छाती पुढे काढून गेला होता. त्याच्या रक्तात हेपॅटायटिस बी, म्हणजे एका प्रकारच्या काविळीचा विषाणू सापडला. पण रमाकांत कधी पिवळा पडलेला कोणी पाहिला नव्हता. भूक सणसणीत, झोप गाढ.

“माका काय झाला नाय,” असं म्हणून तो बंदरावर निघून गेला.

मी त्याची मोठी बहीण. आई गेल्यापासून त्याच्यावर ओरडायचं काम माझ्याकडे. त्याला ओढतच मी सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, “आई कशानं गेली?”

“पोटात पाणी होऊन,” मी म्हणाले.

“ते यकृताचंच दुखणं असणार,” असं म्हणून त्यांनी माझंही रक्त घ्यायला लावलं. माझ्यातही तोच विषाणू निघाला. जन्माच्या वेळी आईकडूनच दोघांना आला असणार, असं ते म्हणाले.

याला क्रॉनिक म्हणतात, म्हणजे शरीरात मुक्काम ठोकून बसलेलं दुखणं. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही. काहींना मात्र पुढे लिव्हरचा, म्हणजे यकृताचा कॅन्सर होतो. कोणाला होईल, याचा डॉक्टर अंदाज बांधतात. पुरुष आहे का, वय काय, घरात आधी कोणाला लिव्हरचं दुखणं होतं का, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत. ही शेवटची तपासणी तेव्हा आमच्याकडे होत नव्हती, रक्त मुंबईला जायचं. रमाकांतच्या रक्तात विषाणू भरमसाट निघाले, माझ्यात थोडे.

“माका कॅन्सर होतलो काय नाय, ता सांगा,” तो डॉक्टरांना म्हणाला.

“ते कोणीच सांगू शकत नाही. तुम्हाला धोका जास्त आहे, एवढंच सांगता येतं. विषाणू दाबून ठेवणारी गोळी सुरू करू. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ झालीच, तर लहान असताना सापडायला हवी.”

बाहेर येऊन तो भडकला. “होय म्हणा, नाय तर नाय म्हणा. मधीच लटकत कित्याक ठेवतत?”

दोन सोनोग्राफी स्वच्छ आल्या. मग होड्या पाण्यात लोटायच्या आधी त्याने ग्रामदेवतेला कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर भलं. उजवीच पडली.

“देवान सांगल्यान, बाय. आता माका काय होवचा नाय.”

मीही कौल लावते. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय लग्न ठरत नाही. म्हणून देवाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सोनोग्राफीला जाऊ नकोस, असं देव म्हणाला नव्हता. ते रमाकांतने स्वतः ठरवलं.

पुढची तारीख ऐन मोसमात आली. पापलेट लागत होतं, त्यामुळे तो गेला नाही. त्याच्या पुढची तारीख पावसाळ्यात होती, होडी किनाऱ्यावर उपडी पडलेली होती, तरी गेला नाही. गोळ्याही सुटल्या. मी रडले, भांडले, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

“आता गेलंय तर देवावर भरवसो नाय, असा होता,” तो म्हणाला. तपासणीला जाणं म्हणजे देवावर अविश्वास, या त्याच्या म्हणण्याचा मला आजही राग येतो.

गणेश चतुर्थीला त्याने जेवणाचं पान तसंच बाजूला सारलं. उजव्या बरगडीखाली दुखत होतं. तेव्हा कुठे तो सोनोग्राफीला आला. गाठ मोठी होती आणि शेजारच्या रक्तवाहिनीत शिरली होती. गोव्याच्या इस्पितळात सीटी स्कॅन, म्हणजे आतले बारीक काप दाखवणारा फोटो, काढला. आत बोलावल्यावर त्याने तिथल्या डॉक्टरांनाही तसंच सरळ विचारलं.

“मी बरो होतलंय काय नाय?”

डॉक्टरांनी त्याच्या हातावर हात ठेवला. “नाही.”

रमाकांत माझ्याकडे वळला. “बघलंस? सरळ सांगूक येता तेंका.”

दिवाळी यायच्या आत तो गेला.

त्याच्या बायकोचं आणि मुलीचं रक्त स्वच्छ निघालं, दोघींना लस टोचून झाली. ज्या नर्सबाईंनी घरी येऊन हे घडवलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. ताट-वाटीतून हे पसरत नाही, ती वेगळी ठेवायला नको, हेही त्यांनीच आळीतल्या बायकांना समजावलं.

हे तुमच्या रक्तात निघालं, तर तुम्हालाही “होय की नाही” असंच विचारावंसं वाटेल. उत्तर मिळणार नाही. मीही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेते; दर वेळी डॉक्टर म्हणतात, “सध्या काही नाही.” त्या “सध्या”वर पुढचे सहा महिने काढायचे. लोक म्हणतात, त्या चुकलेल्या तारखांनाही मी रमाकांतला ओढून न्यायला हवं होतं. चाळिशीच्या माणसाला बहीण किती ओढणार?

माझी तारीख परवा आहे. भीती वाटते. जाणार आहे.