कोठडीतली वेताची खुर्ची

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पोलिसात नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, भांडायचा आता पगार तरी मिळेल." तेव्हा मी सांगते ते पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. मी साधी हवालदार, गोष्टी रचणं हा काही माझा धंदा नाही.

आमच्या ठाणेदारांना अख्खं गाव पाणीसाहेब म्हणायचं. कारण ठाण्यात कुणीही येऊ दे, रडत येऊ दे नाही तर बेड्या घालून येऊ दे, साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी प्यायलात का?" चोराला विचारायचे आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाही विचारायचे. एकदा एक नवरा-बायको एकमेकांची डोकी फोडून आले. साहेबांनी दोघांसमोर तांब्या ठेवला आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत बसले. पाणी पिऊन होईपर्यंत भांडणातली निम्मी हवा गेली होती.

अंगानं जाडजूड, चालणं सावकाश. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ठाण्याच्या मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि पोळ्या नकाशासारख्या करायचे. लोकांना वाटतं ठाणेदाराचं काम म्हणजे चोर पकडणं. अहो, आमच्या गावात चोर आहेतच किती? जे आहेत त्यांच्या आया आम्हाला रस्त्यात थांबवून त्यांच्या तक्रारी सांगतात. साहेबांचा दिवस जायचा तो निराळ्याच कामांत. शाळा सुटली की रस्त्यात उभं राहायचं. बाजारात हातगाडीच्या जागेवरून जुंपलेल्यांना सोडवायचं. परगावी गेलेल्यांची कुलपं हातानं ओढून बघायची. कालव्यात कुणी सापडलं तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं, हे काम त्यांनी दुसऱ्या कुणावर कधी ढकललं नाही.

आणि परत आले की आधी कोठडीपाशी. "ताई, किती?" मी म्हणायची, "दोन," नाही तर "कुणी नाही." असेल त्याला पाणी विचारल्याशिवाय टोपी काढायचे नाहीत. म्हणायचे, "कुलूप आपण लावलंय ना? मग आतला माणूस आपल्या माथी." त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, त्यानंच पुढे सगळा घात केला. "तक्रार आली की आधी खरी धरायची. खोटी असेल तर आपोआप उघडी पडते."

तर एका दुपारी शिवणमावशी ठाण्यात आली. आमचे सगळ्यांचे युनिफॉर्म तीच शिवायची. बाजारामागच्या गल्लीत एक खोली, एक मशीन आणि ती. तशी बाई खमकी. माप घेताना साहेबांच्या पोटावर टेप मारून म्हणायची, "श्वास सोडा, कापड माझं नाही, सरकारचं आहे." त्या दिवशी मात्र बोटातलं अंगुस्तानसुद्धा काढायचं राहिलं होतं. पाणी पिताना पेला दातांवर वाजत होता.

"साहेब, माझ्या घरात एक माणूस येऊन बसतो," ती म्हणाली.

"कोण?"

"ओळखीचा नाही. जेवून मी जरा आडवी झाले की खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत असतो. बोलत नाही, हलत नाही. माझ्या हातांकडे बघत राहतो."

"दार उघडं असतं?"

"आतून कडी असते."

मला हसू फुटलं. भर दुपारी येणारं भूत मी पहिल्यांदाच ऐकत होते. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी जिरलं.

"दिसतो कसा?"

"उजेड पाठीमागून येतो, तोंड नीट दिसत नाही. पण सदऱ्याचं वरून दुसरं बटण तुटलंय. दोरा लोंबतोय नुसता. माझी नजर सारखी तिथंच जाते, काय करू? जन्म बटणं लावण्यात गेला." मग ती एकदम रडायलाच लागली. "पुतण्याला सांगितलं. तो म्हणतो, काकू, तुम्हाला वेड लागलंय. वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं चाललंय त्याचं. डॉक्टरला घेऊन येणार आहे. साहेब, मला त्या घरातून उचललं ना, तर मी जगायची नाही."

पुतण्याचा त्या खोलीवर किती दिवसांपासून डोळा होता, ते गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण एकट्या बाईला असं घरातून हलवायचं तर डॉक्टरच्या सहीबरोबर ठाणेदाराचाही शब्द लागतो. त्यामुळे तो साहेबांना हल्ली फार वाकून नमस्कार करायला लागला होता.

साहेब लगेच निघाले, बरोबर मी. खोली तशी साधीच. मशीनवर अर्धवट बाही, कोपऱ्यात खाकी कापडाचे गठ्ठे, भिंतीला कैच्या. खिडकीशी वेताची जुनी खुर्ची, बसून बसून मधे खोल गेलेली. साहेबांनी उघड्या दारावर टकटक केली, आत गेले आणि रिकाम्या खुर्चीला विचारलं, "पाणी प्यायलात का?" मी तोंडावर हात दाबून धरला. साहेब मात्र उत्तराची वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चला, ठाण्यात बसून बोलू," आणि दोन बोटांत अडकवून खुर्ची उचलली. वजन असं नव्हतंच तिला. मावशी स्वतः ती रोज झाडताना पायानं सरकवायची.

भर बाजारातून साहेब खुर्ची घेऊन चालले. लोक फिदीफिदी हसत होते आणि मी तोंड लपवत मागून चालत होते. ठाण्यात आल्यावर खुर्ची कोठडीत ठेवली, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, कुलूप घातलं.

"ताई, किती?"

"साहेब, खुर्ची मोजायची?"

"खुर्चीत माणूस आहे अशी तक्रार आहे."

"एक," मी म्हटलं, आणि कपाळावर हात मारला.

नंतर कुणी नाही असं बघून मी विचारलंच, "खरं सांगा, तुम्हाला काही दिसलं?" ते म्हणाले, "नाही. पण मावशीला आज झोप लागेल." आणि लागली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत मशीनची घरघर सुरू झाली. मावशीनं राहिलेले सगळे युनिफॉर्म शिवून आणले आणि साहेबांच्या पोटावर पुन्हा टेप मारला.

इकडे ठाण्यात आमची करमणूक चालली होती. "कैद्याला जामीन मिळाला का?" म्हणून जीपचा ड्रायव्हर विचारायचा. पेल्यातलं पाणी रोज थोडं कमी व्हायचं. मी म्हटलं, उकाडा आहे. मग गारठा पडला तरी कमी व्हायचं, तेव्हा मी ड्रायव्हरवर संशय घेतला. त्यानं आईची शपथ घेतली.

मग आला झुलता. झुलता म्हणजे आमचा नेहमीचा दारुडा, बाजारात कुणाच्या तरी अंगावर पडून आत यायचा आणि उतरली की घरी जायचा. त्याला खुर्चीच्या कोठडीत टाकलं. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर राहणारा माणूस तो, मावशीची तक्रार त्याच्या कानावर जायचं कारण नव्हतं, आणि बटणाचं तर आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी त्याची पुरती उतरली तेव्हा मी चहा द्यायला गेले, तर गडी गजांना चिकटून उभा. तोंडावर रक्त नाही.

"मॅडम, मला दुसरीकडे ठेवा. हा माणूस बोलत नाही, नुसता हातांकडे बघतो."

"कुठला माणूस रे?"

त्यानं मागे न बघता अंगठ्यानं खुर्ची दाखवली. "आणि त्याच्या सदऱ्याला एक बटण तरी लावा कुणीतरी. दोरा लोंबतोय."

चहा तिथंच खाली ठेवून मी धावत साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ टेबलावरची टोपी फिरवत राहिले. "दारुड्याची साक्ष कोण धरणार?" एवढंच म्हणाले. झुलत्याला सोडून दिलं. त्या दिवसापासून मी मात्र कोठडीला पाठ करून बसायचं सोडलं.

आणि मग तो पुतण्या आला. एकटा नाही, डॉक्टरांना घेऊन. वर आमचे वरचे साहेबही आणले, कारण खुर्चीची गंमत त्यांच्यापर्यंत पोचली होती, कुणी पोचवली ते वेगळं सांगायला नको. सगळे मावशीच्या खोलीत दाटीवाटीनं उभे. डॉक्टरांनी गोड आवाजात विचारलं, "तो माणूस अजून येतो का हो?"

"नाही ना," मावशी खुशीत म्हणाली, "साहेबांनी धरून नेला. आता कोठडीत आहे."

पुतण्या हळूच हसला. डॉक्टरांनी पेन काढलं. मी मनात म्हटलं, अगं बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. मावशीलाही ते कळलं असावं. तिनं मशीनचं चाक हातानं घट्ट धरलं, जणू आत्ताच ओढून नेताहेत, आणि साहेबांकडे पाहिलं.

वरचे साहेब हसत म्हणाले, "काय ठाणेदार? म्हातारीची समजूत काढलीत, चांगलं केलंत. तेवढं सांगून टाका डॉक्टरांना, म्हणजे आपण सुटलो."

खरंच तेवढंच सांगायचं होतं. साहेबांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. समजूत काढली म्हटलं असतं तर साहेब सुटले असते आणि मावशी गेली असती. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते नेहमीसारखेच सावकाश बोलले.

"समजूत नाही काढली. तक्रार आली, जागेवर गेलो, माणूस ताब्यात घेतला. त्यानंतर बाईंना त्रास नाही. मग यांना वेड कसलं?"

"तुम्हाला दिसतो तो?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नाही दिसत. मला न दिसलेलं झालंच नाही असं धरलं, तर गावातल्या निम्म्या तक्रारी मला घेताच येणार नाहीत."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. ठाणेदारच माणूस धरलाय म्हणतोय म्हटल्यावर ते सही करणार कशी? वरचे साहेब लालबुंद झाले. ठाण्यात येऊन त्यांनी कोठडीतली खुर्ची पाहिली, पेला पाहिला आणि म्हणाले, "पट्टा काढा. उद्यापासून रजा. तपासणी तुमचीच करायला हवी." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पुतण्या मात्र तोंडात मारल्यासारखा घरी गेला.

साहेब भावाकडे राहायला निघाले तेव्हा एक ट्रंक आणि वळकटी, बस्स. मी रडू आवरून उभी होते. जीपमध्ये बसताना म्हणाले, "ताई, त्याला पाणी देत जा."

"साहेब, काही दिसलं नाही असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो खरा," ते म्हणाले, आणि जीप गेली.

नवे साहेब आले. कोवळे, चकचकीत बुटांचे, सगळं झटपट हवं. पहिल्याच दिवशी कोठडीशी थांबले. "ही खुर्ची कुणाची? ज्याची त्याला परत करा. आजच्या आज."

खुर्ची गेली म्हणजे तोही गेला मावशीकडे. मावशी पुन्हा रडत ठाण्यात येणार, पुतण्या टपूनच होता, आणि आता शब्द टाकणारं कुणी नव्हतं. मी विनवलं, भांडले, शेवटी घसा बसला. नवे साहेब म्हणाले, "ताई, ऑर्डर म्हणजे ऑर्डर."

दुपारची वेळ होती. ठाण्यात सगळं शांत. मी कुलूप काढलं आणि खुर्चीला हात घातला. ती उचलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी पाय जागचा हलेना. ड्रायव्हरला हाक मारली. आम्ही दोघांनी जोर लावला तेव्हा वेत करकरला, माणूस सावरून बसतो तसा. ड्रायव्हरची पाचावर धारण बसली, तो बाहेर पळाला.

"एक खुर्ची उचलता येत नाही?" म्हणत नवे साहेब बाह्या सरसावून आत आले. त्यांनी हात घातला. मानेच्या शिरा फुगल्या, चकचकीत बूट फरशीवर घसरले. मग त्यांनी हात सोडला, दोन पावलं मागे आले आणि स्वतःचे तळवे बघत राहिले.

"ताई, काय आहे हे?"

"कैदी. कोठडीत एक," मी म्हटलं.

"मग... मग करायचं काय?"

"कुलूप आपण लावलंय ना साहेब? मग पाणी विचारायचं."

मी चेष्टा करतेय का, हे त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ताडलं. चेष्टा नव्हती. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या सदऱ्यावर गेला, वरून दुसऱ्या बटणावर. घसा साफ केला. आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून, शाळेत उभं केल्यासारखे, म्हणाले, "पाणी प्यायलात का?"

मी पेला भरून ठेवला. दोघांनी मिळून कुलूप लावलं. खुर्ची परत करायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

त्याच दिवशी मी साहेबांच्या भावाकडे फोन लावला. साहेब फोनवर आले आणि त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "किती?"

"एक, साहेब."

"पाणी?"

"विचारलं. नव्या साहेबांनी विचारलं."

मग म्हणाले, "आणि मावशी?"

"दुपारची गाढ झोपते."

"मग झालं," साहेब म्हणाले. "ताई, तुम्ही पाणी प्यायलात का?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना हे हजार माणसांना विचारताना ऐकलं होतं. मी नव्हते प्यायले, सकाळपासून. फोन कानाला धरून मी भर ठाण्यात हुंदके देऊन रडले.