पडद्यामागचा राजा

जगातल्या झाडून साऱ्या राक्षसांचा खरा पत्ता आमच्या आतोबांना ठाऊक होता, आणि तो बहुतेक रत्नागिरी तालुक्यातलाच असे. आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान. दिवसा ते मांडवीच्या बंदरावर आगबोटीच्या उतारूंना हाका घालीत आणि संध्याकाळी सिनेमाच्या तंबूत स्टुलावर उभे राहून मुक्या चित्रांची गोष्ट सांगत. आवाज वाऱ्याशी झगडून कमावलेला. तंबूतल्या बत्तीची काच तडकली तरी दोष त्यांच्यावरच येई. चित्र कुठल्याही पुराणातले असो, त्यांच्या तोंडी ते आमच्या आळीत येऊन बसायचे. राक्षस यज्ञ मोडायला आला की आतोबा सांगत, "हा पाहा आला. कुळाने कलम लावायचं, उन्हाळाभर पाणी घालायचं, आणि आंबा धरला की हा म्हणणार, जमीन माझी." पुढच्या खुर्चीवर आमचे खोत बसलेले असत आणि राक्षसाला सगळ्यांत जास्त तेच हसत. आपल्याला कोणी राक्षस म्हणेल ही शंकाच त्या भल्या माणसाला कधी शिवली नाही.

सरकारविरुद्ध बोलतात अशी कुणकुण लागून एकदा फौजदारसाहेब ऐकायला आले. चित्रातला राजा नेमका प्रजेवर जबर कर बसवत होता. आतोबांनी फौजदारांना नमस्कार करून जाहीर केले की, या राजाविषयी आपल्याला काही बोलायचे नाही, आणि कर वसूल होईस्तोवर ते तोंड मिटून उभे राहिले. तंबू टाळ्यांनी दणाणला. गप्प बसल्याबद्दल माणसाला कुठल्या कलमाखाली धरायचे ते फौजदारांना सुचेना. घरीही हाच कारभार. आते भात वाढायला आली की हे सुरू करीत, "आणि ही माउली भुकेल्या प्रजेकडे निघाली!" आते शांतपणे म्हणे, प्रजेने आधी हात धुऊन यावे.

त्या काळी पडदा तंबूच्या मधोमध असे. पुढच्या अंगाला खुर्च्या आणि सतरंज्या. ज्यांची सावलीसुद्धा लोकांना चालत नसे ती माणसे तिकीट काढून पडद्याच्या मागे, जमिनीवर बसत. पडदा पाण्याने भिजवला की पलीकडूनही चित्र दिसे, फक्त उलटे. रिवाजच तो, आणि आतोबांनाही त्यात तोवर काही वावगे वाटले नव्हते. मग एका दानशूर राजाचे चित्र आले. आतोबांनी त्याच्या दानाचे असे वर्णन केले की खोतांच्याही डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी बंदरावर ओझी वाहणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी मोठ्या ऐटीत विचारले, कसा वाटला राजा?

ती म्हणाली, "राजा काय वेगला नाय वो. डाव्या हातान देतो, आमाला देतात तसाच."

आतोबा तिच्याशी भांडले. उजवा हात, अगदी उजवा, मी स्वतः पाहिला. पण तिच्या सोबतच्या सगळ्या माणसांनी डावाच सांगितला. मग त्यांच्या ध्यानात आले की पडद्याच्या मागून पाहणाऱ्याला उजवा हात डावा दिसतो. घरी ही हकीकत ऐकून मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. पानावर बसले आणि न जेवता उठले. "मी घसा फोडून दानशूर दानशूर म्हणतोय," ते म्हणाले, "आणि डाव्या हाताचं दान त्यांना रोज मिळतंच आहे. त्यांचं चुकलं कुठे?"

त्या दिवसापासून एकच ध्यास, सगळ्यांना पुढे बसवायचे. तंबूचे मालक हाजीशेठ, मनाने मऊ. त्यांचे म्हणणे एवढेच की जागा खोतांची आहे. खोतांनी सांगितले, ती माणसे पुढे आली तर तंबू उखडेन. आतोबांनी हुज्जत घातली नाही. संध्याकाळी चित्र सुरू झाले, तेव्हा त्यांनी स्टूल उचलले, पडद्यामागे नेऊन ठेवले आणि तिथून गोष्ट सांगायला सुरुवात केली. पुढे एकच ओरडा झाला. पलीकडून आवाज आला, "गोष्ट इकडे आहे. ज्याला हवी त्याने इकडे यावं."

कोणी हलेना. मीही हललो नाही. माझी कचेरीतली नोकरी नवी होती. मग बायकांच्या सतरंजीवरून आमची आते उठली. सोवळ्यातली बाई ती, रस्त्याने जाताना कोणाचा पदर लागला तरी पुन्हा आंघोळ करणारी. पदर सावरत, कोणाकडे न पाहता ती पडद्याला वळसा घालून गेली आणि त्या म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली. तिच्यामागून पाचसहा जण गेले, मग अर्धी सतरंजी. शेवटी मीही गेलो. खोत शेवटपर्यंत जागचे उठले नाहीत. समोर चित्र हलत होते आणि राजा का रडतो ते त्यांना सांगायला कोणी नव्हते.

तंबू अर्थातच उखडला. हाजीशेठ चिपळूणला गेले आणि आतोबांना फक्त बंदर उरले. पुढे बोलपट आले, पक्के थिएटर झाले. तिथल्या भिंतीवरच्या पडद्याला मागची बाजूच नव्हती. सगळे एकाच अंगाला. मी आते-आतोबांना मुद्दाम घेऊन गेलो. मला वाटले, आता त्यांना बरे वाटेल. मध्यंतरात चहावाला आला. आम्हाला त्याने कपात चहा दिला आणि खालच्या बाकावरच्या काही माणसांना नारळाच्या करवंटीत, वरून ओतून. आतोबांनी ते पाहिले. पडद्यावर आता बोलणारे पुष्कळ होते, आतोबांच्या गोष्टीला कोणी विचारीत नव्हते. त्यांनी कप परत केला.

"मलाही करवंटीत दे," ते म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

आतेने आपला कप खाली ठेवला आणि हात पुढे केला.