काकूचं गाव दुसऱ्यांदा गेलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चॅनेलवर तर नाहीच नाही. आणि चॅनेलवर मी काय बडबडायचं सोडलंय, सांगा बरं? सकाळी न्याहारीला काय होतं तेसुद्धा सांगून झालंय. हे तेवढं राहिलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ उचलतेय.

आळेफाट्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि जोडीला एका गेमचं मराठी चॅनेल. गेमचं नाव सांगत नाही, कंपनीची यात काडीची चूक नाही. मारामारीचा गेम नव्हे तो. घर बांधायचं, माणसं घडवायची, त्यांना नावं द्यायची, त्यांचा संसार चालवायचा. पोरखेळ वाटतो ना? मलाही आधी वाटला होता.

माझ्यामुळे हा नाद लागला आमच्या काकूला. चुलत्याची बायको, पण मला वाढवलं तिनंच. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, रान बंद झालं, दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. म्हणून दुकानातला एक टॅब तिला दिला, गेम टाकून. वाटलं, आठ दिवस खेळेल नि ठेवून देईल. तर तिनं काय करावं? तिनं तिचं माहेर बांधलं.

माहेर तिचं आंबेगावच्या डोंगराकडचं. धरणात बुडालं ते, ती लग्न होऊन इकडं आल्यावर. ते सगळं गाव तिनं आठवून आठवून उभं केलं — नदीचा घाट, शिंप्याचं निळ्या दाराचं घर, चावडी. गेम परदेशी, त्यात देऊळ कुठून असणार? तिनं बागेतली एक छत्री घेतली, तिला शेंदरी रंग दिला. झाला मारुती! गंगू नावाची तिची लहानपणीची मैत्रीण केली. ती रोज सकाळी काकूला हाक मारायला दारात यायची. यात्रेच्या दिवशी काकू गावातल्या एकूणएक माणसाला नवे कपडे घालायची, आणि तो दिवसभर तिला कुणी काही विचारायचं नाही, असा घरात नियमच झाला होता.

मग गेमचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली. काय सांगू राव, आमचे लोक पिसाळलेच. नऊवारी येणार का, बैल येणार का, देऊळ येणार का — आणि सगळ्यात जास्त प्रश्न एकच, जुनं गाव नव्या भागात नेता येईल का? कंपनी म्हणाली होती, जुन्या खेळाडूंना आम्ही विसरणार नाही. बस, एवढंच. त्याचा अर्थ काहीही होतो, नाही का?

मी व्हिडिओ टाकला. ‘पक्की बातमी : तुमचं जुनं गाव जसंच्या तसं येणार.’ पक्की कसली? मी आपली मनाचीच थाप मारली होती. पण व्हिडिओ असा चालला म्हणून सांगू, ओतूरच्या कॉलेजची पोरं सेल्फी काढायला दुकानात यायला लागली. मला ते आवडलं. लई आवडलं. खोटं कशाला बोलू आता?

काकू माझे सगळे व्हिडिओ बघायची. घरचंच पोरगं सांगतंय म्हटल्यावर विचारायचं काय?

नवा भाग आला त्या दिवशी तिच्या टॅबमध्ये जागा नव्हती. टॅब घेऊन ती काठी टेकत माझ्या खोलीच्या दारात आली.

"नित्या, जुना काढू का? गाव नाय ना जायाचं?"

इथं थांबतो जरा.

गाव त्या टॅबमध्येच साठवलेलं होतं, जुना गेम काढला की ते पुसलं जाणार. हे मला ठाऊक होतं. हाच माझा धंदा आहे. एका शब्दाचं काम होतं — थांब. पण ‘थांब’ म्हटलं असतं तर ‘का’ आलं असतं, आणि ‘का’चं उत्तर मी होतो. समोर कॅमेरा लावलेला, लोक लाइव्ह बघत होते. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "काढ की. कंपनीचा शब्द आहे."

तिनं माझ्यासमोर काढला.

नवा गेम उघडला. सुंदर होता हो. मोकळी हिरवी जमीन, आणि तिच्यावर काही नाही. काकू बराच वेळ बघत बसली. संध्याकाळी मला विचारलं, "मागनं येत असंल का रं गाव?"

दुसऱ्या दिवशी मी संतापून व्हिडिओ टाकला, कंपनीनं आपल्याला फसवलं म्हणून. तो आधीच्यापेक्षा जास्त चालला. लोकांनी कंपनीला काय काय शिव्या घातल्या! मी त्या वाचत होतो, आणि काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मलाही फसवलं असंच तिला वाटत होतं.

"जीवाला लावून घेऊ नगं," म्हणाली. "आमचं पयलं गाव गेलं तवाबी असंच झालं व्हतं. साहेब नुसतं बघतो बघतो म्हणायचं."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं, तेव्हा ती म्हणाली, मला तिकडं ने. नेली. भेगा पडलेल्या गाळात काठी रोवत ती दाखवत होती — हा घाट, हे गंगूचं जोतं, इथं शिंपी. मला म्हणाली, शूटिंग कर आणि कंपनीला पाठव, म्हणजे त्यांना कळंल काय गेलं ते. मी शूटिंग केलं. नीट केलं, हात न हलवता.

पाठवलंस का, असं तिनं घरी आल्यावर विचारलं. मी म्हणालो, पाठवलं.

कुणाला पाठवणार होतो?

तो व्हिडिओ माझ्या फोनमध्येच आहे. नव्या गेममध्ये तिनं अजून एकही घर बांधलेलं नाही, उत्तर येईपर्यंत जमीन मोकळी ठेवलीय. काल जेवताना परत विचारलं तिनं, काय म्हणाली रं कंपनी?

मी म्हणालो, बघतो म्हणालेत.