मोरीतला उजेड आणि भुयारातला

विजेच्या जाड केबली ज्या भुयारातून जातात तिथे आक्का एकोणीस वर्षं चालतेय. आत शिरायचं, एकेक जोड तपासायचा, पलीकडच्या तोंडाने बाहेर पडायचं. साडेतीन तास. आत दिवे आहेत, पण ते लागतीलच असं धरून चालणारा माणूस भुयारात फार दिवस टिकत नाही.

यंदा तिच्या टोळीतल्या अकरा जणांना खिशातले नवे टॉर्च मिळायचे होते. खरेदीच्या साहेबांनी टेबलावर दोन ठेवले. काळ्यावर उजेड हजार ल्युमेन छापलेलं, पिवळ्यावर तीनशे. दोन्हींवर चार तास. साहेबांनी भरदुपारी काळा भिंतीवर मारला.

"दिपले ना डोळे? करा सही."

"साहेब, मला भिंत नाही बघायची, चालायचंय. हा दोन तासांत राम म्हणेल. पिवळा घ्या."

"कशावरून?"

"मोजून दाखवते."

"सोमवारी पाचपर्यंत दाखवा. नाहीतर काळा मागवतोय."

टेबलापाशी बसून भुयार ओळखणारे पुष्कळ असतात. आक्काचं डोकं सणकलं. रविवारी तिने मोरीचं दार लावलं, टॉर्च उभा केला, उजेड छताला, मोबाईल जमिनीवर. त्यातलं उजेड मोजायचं ॲप दर दहा मिनिटांनी बघून आकडा वहीत. आधी काळा, मग पिवळा. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळत होता.

"अगं, टॉर्चला अंघोळ घालतेस की काय?"

"तुम्ही आज पारोसेच राहा."

काळा दोन तासांत विझला. पिवळा चार तास एकसारखा जळला. आक्काने वही धाकट्या दिरापुढे आपटली. तो तिच्याच टोळीत, भुयारातला तिचा जोडीदार.

"वहिनी, मोरीत गारवा असतो. खाली केबली तापलेल्या."

"तू शिकवणार मला?"

पण सोमवारी सकाळी तिने दोन्ही टॉर्च पूर्ण भरून आत नेले, एकदमच लावले, वेळा वहीत टिपत गेली. भुयाराच्या उकाड्यात काळा सहा मिनिटांतच मंदावला. अंग तापलं की तो आपोआप उजेड कमी करतो. आता दोन्हींचा उजेड भिंतीवर सारखाच दिसत होता. आक्का मनातून खूश. पुढे एक जोड गरम निघाला, वरून फोनवर सूचना येईपर्यंत पाऊण तास तिथेच मोडला. पलीकडच्या तोंडाकडे जाताना चार तास उलटले आणि पिवळा पटकन गेला. ना लुकलुक, ना इशारा. त्या टप्प्यातले दिवेही बंदच होते.

काळा जळत होता. उजेड कमी केल्याने त्याची बॅटरी पुरली होती. त्याच उजेडात ती आणि दीर बाहेर आले.  दीर 'मोरी' एवढं जरी म्हणाला असता तरी त्याची खैर नव्हती.

वही तिच्याकडेच होती. मोरीतले आकडे पुढे केले असते तर साहेबांना पिवळा घ्यावा लागला असता, आणि आक्काचा शब्द राहिला असता. पाचला दहा कमी असताना तिने टेबलावर भुयारातलं पान उघडलं.

"काळा मागवा."

"शेवटी पटलं तर! उजेड तो उजेड."

"उजेड तुमचा सहा मिनिटांचा. मी चुकले ते किती तास टिकेल त्यात." तिने मागणीच्या कागदावरचं 'हजार ल्युमेन' खोडलं, वर लिहिलं: 'भुयारात तीनशेच्या आसपास, पण चार तासांच्या वर'.

"हे असं चालत नाही, आक्का."

"मग तुम्ही या चालायला."

साहेबांनी खोडाखोडीशेजारी सही केली. तिने त्याखाली आपली केली, सावकाश, पूर्ण नावाने.